गवताखालची वाळू, वाळूखालचं पाणी

वाळू म्हटली की तुमच्या डोळ्यांपुढं काय येतं? उंटांची रांग, रणरणतं ऊन आणि मैलोन् मैल काहीही नाही, होय ना? आता त्याच वाळूच्या टेकड्यांवर मनानंच गवत उगवून पाहा. एका टेकडीमागं दुसरी, दुसरीमागं तिसरी, आणि सगळ्यांवर पोपटी गवताची लव. झाड औषधालासुद्धा नाही. मधूनच काळ्या गाईंचे ठिपके, एखादी पवनचक्की, आणि वर हे एवढं मोठं आभाळ! असा मुलूख अमेरिकेच्या अगदी मधोमध, नेब्रास्का राज्यात आहे. तिकडे त्याला ‘सँडहिल्स’ म्हणतात. म्हणजे वाळूच्या टेकड्याच.

अमेरिकेला जाऊन आलेल्या मैत्रिणींकडून आपण नायगाऱ्याची, न्यूयॉर्कची आणि डिस्नेची वर्णनं पुष्कळदा ऐकलेली असतात. सँडहिल्सचं नाव मात्र सहसा कुणी काढत नाही. माझी नणंद नेब्रास्काची राजधानी लिंकन इथं राहते, म्हणून गेल्या सुट्टीत मला हा मुलूख पाहायला मिळाला. मी शाळेत अर्धवेळ भूगोल शिकवते. नकाशावर पिवळा रंग दिला की ‘कोरडा गवताळ प्रदेश’ एवढंच मुलांना सांगायचं, अशी आमची रीत. तो पिवळा रंग प्रत्यक्षात कसा असतो, ते जूनच्या पहिल्या आठवड्यात एका दिवसात पाहिलं. तेच तुम्हांला सांगते.

चाकांवरचं बिऱ्हाड

आम्ही पाचजण होतो. सासूबाई, मी, वन्सं, त्यांचे यजमान आणि त्यांचा मुलगा. वन्संनी तीन दिवसांसाठी एक ‘आर. व्ही.’ भाड्यानं घेतली होती. आर. व्ही. म्हणजे चाकांवरचं घरच म्हणा ना! बाहेरून छोट्या ट्रकसारखी दिसते. आत शिरलं की दोन शेगड्यांचा गॅस, फ्रीज, भांडी घासायचं बेसिन, जेवायचं टेबल, झोपायला तीन जागा आणि कपाटाएवढं न्हाणीघर. जेवायचं टेबल खाली केलं की त्याचाच पलंग होतो. आपल्या दोन खोल्यांच्या घरात जी युक्ती करतो, तीच इथं. आमच्या आकाराची गाडी चालवायला वेगळा परवाना लागत नाही, साधा मोटारीचा चालतो.

सासूबाई माणदेशच्या. त्यांनी गाडीला एक फेरी मारली आणि म्हणाल्या, “आगं, हे तर धनगराचं बिऱ्हाड! घोड्याऐवजी इंजिन जोडलंय एवढंच.”

या घराचे नियम मात्र कडक असतात. गाडी चालू असताना कुणी उभं राहायचं नाही, चहासुद्धा करायचा नाही. प्रत्येकानं पट्टा बांधून बसायचं. कपाटांच्या खिट्या लावल्यावाचून गाडी हलवायची नाही. आणि सर्वांत मोठा नियम पाण्याचा. चांगल्या पाण्याची टाकी वेगळी, भांड्यांच्या सांडपाण्याची वेगळी आणि संडासाची वेगळी. कुठली किती भरली ते भिंतीवरच्या काट्यावर दिसतं. आमची चांगल्या पाण्याची टाकी साधारण दीडशे लिटरची होती. पाच माणसांचा स्वयंपाक, भांडी आणि आंघोळी तेवढ्यात भागवायच्या! वन्संचा मुलगा नळ सोडून दात घासू लागला तेव्हा त्याच्या आजीनं नळ बंद करून त्याच्या हातात तांब्या दिला. त्या तीन दिवसांत आमच्या टाकीचा काटा कधी तळाला गेला नाही, त्याचं श्रेय सासूबाईंचं.

ढेकळांची घरं

आदल्या रात्री आम्ही ग्रँड आयलंड गावी मुक्काम केला. तिथून अलायन्सपर्यंत महामार्ग क्रमांक २ जातो. अंतर सुमारे ४३५ किलोमीटर. आपल्याकडच्या हिशेबानं सकाळी निघून संध्याकाळी पोचण्याचा पल्ला. सकाळी थालीपिठं करून घेतली, दुपारसाठी पोळ्या, बटाट्याची सुकी भाजी आणि शेंगदाण्याची चटणी डब्यात भरली आणि सातला निघालो.

पहिला सव्वाशे किलोमीटर मक्याचीच शेतं दिसतात. मग ब्रोकन बो नावाचं टुमदार गाव येतं. इथून शेती विरळ होत जाते आणि जमीन लाटांसारखी उठू लागते. या भागात १८७० नंतर लोक वसायला आले, तेव्हा घर बांधायला ना लाकूड होतं ना दगड. मग त्यांनी काय करावं? गवताच्या मुळ्यांनी घट्ट विणलेल्या जमिनीचे पट्टे कापले आणि ती ढेकळं विटांसारखी रचून भिंती उभ्या केल्या. छपरावरही तेच. पाऊस आला की छप्पर गळायचं, माती आणि किडे ताटात पडायचे, म्हणून बायका आढ्याखाली कापड ताणून बांधायच्या. चुलीला सरपण नाही, म्हणून वाळलेलं शेण गोळा करून जाळायच्या. वन्संनी हे सांगितलं तेव्हा सासूबाई खूष झाल्या. “म्हणजे गोऱ्या मडमाबी गोवऱ्या वेचत व्हत्या म्हण की!”

सॉलोमन बुचर नावाच्या छायाचित्रकारानं १८८६ पासून याच तालुक्यातल्या त्या कुटुंबांचे फोटो काढून ठेवले आहेत. त्यातला एक फोटो फार बोलका आहे. एका बाईंनी आपला बाजाचा ऑर्गन उचलून घराबाहेर मोकळ्या माळावर आणून ठेवायला लावला आणि त्याच्यापाशी सगळ्या कुटुंबाचा फोटो काढून घेतला. कारण काय, तर आपण मातीच्या घरात राहतो हे गावाकडच्या माणसांना कळू नये. मैत्रिणींनो, माहेरी खुशालीचं पत्र लिहिताना आपणही काय लिहायचं आणि काय वगळायचं, ते ठरवतोच की!

या माळावर त्याआधी माणसं नव्हती असं मात्र नाही. पॉनी, लकोटा आणि शायेन लोक गव्यांच्या शिकारीला इथं पिढ्यान् पिढ्या येत. त्यांना हटवल्यावरच हा मुलूख ‘रिकामा’ झाला. पॉनींना तर १८७० नंतरच्या काही वर्षांत आपला सगळा प्रदेश सोडून दूर दक्षिणेला जावं लागलं.

हातांनी लावलेलं जंगल

ब्रोकन बोच्या पुढं लूप नदीचा मधला फाटा आपल्या सोबतीला येतो. रस्ता, नदी आणि रेल्वे हातात हात घालून चालतात. वायोमिंगमधून कोळसा घेऊन येणाऱ्या दीड-दीड मैल लांब मालगाड्या भेटतात. वन्संच्या मुलानं एकीचे डबे मोजायला घेतले आणि शंभरानंतर नाद सोडला. समोरून येणारा प्रत्येक मोटारवाला स्टिअरिंगवरचं एक बोट उचलून आपल्याला नमस्कार करतो. ओळख लागत नाही. इतक्या विरळ वस्तीत माणूस दिसलं हेच पुष्कळ!

दुपारी हॅल्सीला पोचलो आणि चक्क पाइनच्या सावलीत जेवलो. सगळा माळ उघडा आणि इथंच हे जंगल कसं? तर ते माणसांनी हातांनी लावलेलं आहे. चार्ल्स बेसी नावाच्या वनस्पतिशास्त्रज्ञाच्या आग्रहावरून १९०२ साली इथं रोपवाटिका काढली आणि वाळूवर झाडं लावली. पण गवताच्या राज्यात झाडं म्हणजे पाहुणेच. १९६५ साली इथं मोठी आग लागली, २०२२ च्या ऑक्टोबरमध्ये पुन्हा लागली. जळलेले काळे खोड अजून उभे दिसतात. त्यांच्या बुंध्याशी गवत मात्र पहिल्याच पावसाला परत आलेलं. गवताचा जीव जमिनीच्या खाली असतो. वरचं जळलं तरी ते मरत नाही.

टाकीतलं पाणी

थेडफर्ड मागं टाकलं आणि खरा वाळूचा मुलूख सुरू झाला. एक मोठं कासव रस्ता ओलांडत होतं म्हणून आम्ही गाडी बाजूला घेतली. तेवढ्यात मागून एक पिकअप गाडी येऊन थांबली. साठीच्या एक बाई उतरल्या. डोक्यावर हॅट, पायांत गुडघ्यापर्यंत बूट. “गाडी बिघडली का? पाणी आहे ना?” अशी चौकशी त्यांनी केली. त्यांचा त्या बाजूलाच गाईंचा मोठा कारभार होता. नवऱ्याच्या मागं सगळं त्याच बघत. सासूबाईंनी डब्यातला शेंगदाण्याचा लाडू त्यांच्या हातावर ठेवला, मग काय, ओळख व्हायला कितीसा वेळ! त्या म्हणाल्या, “चला, तुम्हांला माझी पवनचक्की दाखवते.” पुरुष मंडळी गाडीपाशी थांबली आणि आम्ही तिघी त्यांच्या पिकअपमध्ये बसलो.

कुंपणाला फाटक नव्हतं. खड्ड्यावर लोखंडी नळ्या आडव्या टाकलेल्या. मोटार वरून खडखडत जाते, पण गाय पाय घालत नाही. दोन टेकड्यांमधल्या खोलगट जागेत पवनचक्की फिरत होती. टिनच्या पात्यांची, जुनीच. वाऱ्यानं ती फिरते, दांडा खालीवर होतो आणि नळीतून मनगटाएवढी धार एका भल्या मोठ्या गोल टाकीत पडते. टाकी काठोकाठ भरलेली. जास्तीचं पाणी बाहेर जाऊन त्याचं तळं साचलेलं. तळ्यात बदकं! आसपास घर नाही, माणूस नाही, पंप नाही, विजेची तार नाही. “या खोऱ्यात आठ-दहा फुटांवर पाणी लागतं,” त्या सहज म्हणाल्या.

सासूबाईंनी टाकीत हात घातला आणि तो तसाच राहू दिला. बराच वेळ त्या काही बोलल्याच नाहीत. मग म्हणाल्या, “बाहात्तरच्या दुष्काळात मी खडी फोडायला जात व्हते. थोरला कडेवर. हांडाभर पान्यासाठी अर्धी रात हिरीत उतरून बसायचं, वाटीवाटीनं भरायचं.” वन्सं तिथं उभ्या होत्या. आईच्या तोंडून हे त्या पहिल्यांदाच ऐकत होत्या. त्यांनी ते इंग्रजीत सांगितलं तेव्हा त्या बाईंनी डोक्यावरची हॅट काढून हातात घेतली. थोड्या वेळानं सासूबाईंनीच विचारलं, “हिला इचार, हे पानी इथं आलं कुठनं? पाऊस लई पडतो काय?”

इथंच खरी गंमत आहे. पाऊस मुळीच फार नाही. वर्षाला पश्चिमेकडे साडेचारशे मिलिमीटरच्या आतबाहेर, पूर्वेकडे पावणेसहाशेपर्यंत. आमच्या माणातही साधारण तेवढाच पडतो. फरक आहे तो जमिनीचा. आपल्याकडे वर मातीचा पातळ थर आणि खाली काळा कातळ. पाऊस आला की पाणी धावत सुटतं, मुरायला वेळच मिळत नाही. इथं सगळी वाळू. पडेल तो थेंब ती पिऊन टाकते आणि खाली साठवते. या टेकड्यांखाली ओगलाला नावाचा भूजलाचा साठा आहे. तो आठ राज्यांत पसरलेला आहे आणि सँडहिल्सखाली तर काही ठिकाणी शेकडो फूट जाड आहे. म्हणूनच इथल्या नद्या पावसाळी नाहीत, वर्षभर जवळजवळ सारख्याच पाण्यानं वाहतात.

आणि ही वाळू उडून का जात नाही? तेही त्या बाईंनी दाखवलं. टेकडीच्या उतारावर एक मोठा खळगा पडला होता. गवत निघालेलं आणि पिवळीधमक वाळू उघडी. वारा तिथली वाळू रोज थोडी थोडी उचलतो आणि खळगा वाढत जातो. त्याला ‘ब्लोआउट’ म्हणतात. त्यांनी त्यात जुने टायर आणि खराब झालेलं वाळकं गवत टाकून ठेवलं होतं, वारा अडावा आणि बी रुजावं म्हणून. एक खळगा बुजायला वर्षानुवर्षं जातात म्हणे. गाई एकाच जागी फार दिवस ठेवल्या की असं होतं. म्हणून त्यांचा नियम सोपा आहे: अर्धं गवत गाईंचं, अर्धं जमिनीचं. अर्धं खाऊन झालं की गाई पुढच्या कुरणात हलवायच्या.

सासूबाई मान डोलवत म्हणाल्या, “कुरन राखावंच लागतं. राखलं न्हाई तर माळ फुफाटा व्हतो. आमचीबी गायरानं तशीच गेली.”

नांगरलं तर काय होतं

हे शहाणपण इथल्या लोकांनाही फुकट मिळालेलं नाही. १९०४ साली सरकारनं किंकेड कायदा केला आणि या भागात येऊन राहील त्याला ६४० एकर जमीन देऊ केली. ६४० एकर! ऐकायला केवढं वाटतं. हजारो कुटुंबं आली, गवत नांगरून मका पेरला, आणि दोन-चार वर्षांत वाळू उडू लागली. बहुतेकांनी जमिनी गाईवाल्यांना विकून वाट धरली. पुढं १९७० नंतर गोल फिरणारे पाटाचे यंत्र आणून पुन्हा काहींनी टेकड्या नांगरल्या. त्यातलीही बरीच शेतं सोडून द्यावी लागली. सँडहिल्सचा विस्तार आहे सुमारे ५० हजार चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या महाराष्ट्राच्या सहाव्या हिश्श्याएवढा. एवढी सगळी वाळू गवताच्या मुळांनी धरून ठेवली आहे. शास्त्रज्ञांनी वाळूचे थर तपासून सांगितलं आहे, की हजारएक वर्षांपूर्वीच्या मोठ्या दुष्काळात या टेकड्या उघड्या होऊन चालू लागल्या होत्या. त्या आत्ता झोपलेल्या आहेत एवढंच.

म्हणून तर कॅनडातून तेल आणणारी ‘कीस्टोन एक्स. एल.’ नळवाहिनी या टेकड्यांवरून न्यायचं ठरलं, तेव्हा इथले गाईवाले चवताळून उठले. नळी फुटली तर तेल थेट पाण्यात! त्या बाई म्हणाल्या, की आयुष्यात कधी सभेत बोलले नव्हते, पण त्या वर्षी लिंकनला जाऊन सुनावणीत बोलले. २०११ साली वाहिनीचा मार्ग सँडहिल्सबाहेरून वळवायचं कबूल झालं, आणि २०२१ साली सगळा बेतच रद्द झाला. याच भूजलाच्या दक्षिणेच्या टोकाला, कॅन्सस आणि टेक्सासमध्ये, पंपांनी उपसून उपसून विहिरी खोल गेल्या आहेत. तिकडची गत पाहूनच इकडची माणसं सावध आहेत.

मला आपलं हिवरेबाजार आठवलं. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या या गावानं चराईबंदी केली, कुऱ्हाडबंदी केली, शेतीसाठी बोअर घ्यायचं नाही असं ठरवलं, आणि गावाला पाणी मिळालं. तिथं कातळ, इथं वाळू. पण गवताला विसावा द्यायचा, हे दोन्हीकडे सारखंच.

एक तास फुकट

मलेन गावाशी घड्याळ एक तास मागं करावं लागतं, कारण इथं वेळेचा पट्टा बदलतो. “एक तास फुकट मिळाला, च्या करा,” असा हुकूम झाला. चहा करून पुढं निघालो. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना युक्काची मलईच्या रंगाची फुलं उभी होती. कुंपणाच्या खांबांवर मेडोलार्क पक्षी गळा फुगवून गात होते. काही खांबांवर तर जुने बूट उलटे घालून ठेवलेले! तशी इथली रीतच आहे.

हायानिसच्या पुढं, एल्सवर्थ गावाजवळून उत्तरेला एक रस्ता फुटतो. त्याला मारी सँडोझ या लेखिकेचं नाव दिलं आहे. १८९६ चा तिचा जन्म. वडील स्वित्झर्लंडहून आलेले, अतिशय तापट. लहानपणी बर्फात अडकलेली गुरं दिवसभर खणून काढताना तिचा एक डोळा गेला. शिक्षण जेमतेम आठवीचं. परीक्षा देऊन ती खेड्यातल्या शाळेत शिक्षिका झाली आणि लिहू लागली. मुलीनं लिहिणं वडिलांना पसंत नव्हतं. तिनं मात्र त्यांच्याच आयुष्यावर ‘ओल्ड ज्यूल्स’ हे पुस्तक लिहिलं, ते १९३५ साली प्रसिद्ध झालं आणि आजही वाचलं जातं. आता ती त्याच टेकड्यांत चिरनिद्रा घेते आहे. शिकवणाऱ्या आणि जमेल तेव्हा लिहिणाऱ्या बाईला तिच्या वाटेवरून जाताना काय वाटलं असेल, ते तुम्ही ओळखालच.

पुढं अँटिऑकच्या पडक्या भिंती दिसतात. पहिल्या महायुद्धात जर्मनीचं पोटॅश बंद झालं, तेव्हा इथल्या खाऱ्या तळ्यांतून ते काढायचे कारखाने उभे राहिले. युद्ध संपलं, जर्मन माल पुन्हा येऊ लागला आणि गाव ओस पडलं. शेवटी अलायन्सजवळ ‘कारहेंज’ पाहिलं. इंग्लंडमधल्या स्टोनहेंजची ही नक्कल. १९८७ साली ३९ जुन्या मोटारी उभ्या-आडव्या रचून, करड्या रंगानं रंगवून केलेली. सासूबाईंनी ती नीट न्याहाळली आणि निर्वाळा दिला, “आपल्याकडं भंगारवाल्यानं एका रातीत नेली असती.”

रात्री मुक्कामाच्या जागी वीज आणि पाणी जोडून घेतलं, पिठलं-भात केला आणि बाहेर खुर्च्या टाकून बसलो. वन्सं आईच्या शेजारी बसून बाहात्तरच्या गोष्टी एकेक करून विचारत होत्या. मुलगाही मोबाइल बाजूला ठेवून ऐकत होता.

जाणार असाल तर

मुलं-भावंडं तिकडे असलेल्या मैत्रिणींना उपयोगी पडतील अशा काही गोष्टी सांगून ठेवते.

मे अखेर ते जून अखेर हा काळ उत्तम. टेकड्या हिरव्या असतात. रात्री मात्र गारठतं, शाल हवीच.

गावं दूर दूर आहेत आणि ही गाडी पेट्रोल फार पिते. दिसेल त्या पंपावर टाकी भरून घ्या. मोबाइलची रेंज मधूनच जाते, म्हणून कागदी नकाशा जवळ ठेवा.

स्टीलची भांडी नेऊ नका, खडखडाटानं जीव नकोसा होतो. नेलीच तर मध्ये पंचे घाला. डबे फिरकीच्या झाकणाचे घ्या आणि कपाटात दाटून बसवा.

भांडी घासण्याआधी कागदानं पुसून घ्या. निम्मं पाणी वाचतं आणि सांडपाण्याची टाकीही लवकर भरत नाही. टाक्या रिकाम्या करायच्या ठरावीक जागा असतात, तिथंच त्या रिकाम्या करायच्या. रबरी हातमोजे विसरू नका.

वाऱ्याच्या दिवशी गाडी डोलते. ज्यांना गाडी लागते त्यांनी पुढं तोंड करून बसावं. आवळासुपारी जवळ असावी.

कुंपणाच्या आतली सगळी जमीन खाजगी असते, विचारल्याशिवाय आत शिरू नका. आणि उंच वाळक्या गवतावर गाडी कधीही उभी करू नका. तापलेल्या सायलेन्सरनं गवत पेट घेतं, आणि तिथला वारा आपल्याला ते विझवायला वेळ देत नाही.